सातांतला तिसरा डबा

४ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

देवापुढे दिवा लावून उठले आणि तशीच लिहायला बसले. फोनवर तुमचा अर्धा वेळ "ऐकू येतंय का" यात जातो, उरलेल्या अर्ध्यात आमची लेक बोलते. माझ्या वाट्याला "काळजी घ्या" एवढंच येतं. कागदावर कसं, मधे कुणी तोंड घालत नाही.

तुमच्या कंपनीच्या माणसाबरोबर खाऊचा डबा पाठवला होता, तो पोचला असेल. खाऊ संपवा, सोबत्यांना वाटा, पण डबा परत आणा. सात डब्यांच्या संचातला तो तिसरा. लग्नात माझ्या आईने दिलेले, एकात एक बसणारे. एकेचाळीस वर्षांत एकालाही पोचा आलेला नाही. बुडाशी मी खिळ्याने फुली मारली आहे, ती बघून ओळखावा. झाकण घरीच ठेवून तोंडाला फडकं बांधलंय. झाकणासकट डबा दिला की घेणाऱ्याला तो हळूहळू आपलाच वाटायला लागतो, हा माझा अनुभव आहे. राग मानू नये.

लेक म्हणते, तुमच्या कप्तानसाहेबांनी या खेपेचा शेरा चांगला लिहिला की तुम्ही स्वतः कप्तान होणार. देवाच्या मनात असेल तर होईल. मी कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही.

बोटीवर तुम्ही नेमकं काय करता ते मला कुणी सांगत नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, तू काळजी करशील." म्हणजे काळजी करण्यासारखं काहीतरी आहे. तेवढं कळवावं.

तुमच्या सासूबाई

१२ फेब्रुवारी, बंदराबाहेर, नांगरावर

ती. आईंना नमस्कार.

आपलं पत्र काल एजंटाच्या लाँचने आलं. खाऊ एकवीस माणसांत दीड दिवस पुरला. डबा अगदी माझ्या नजरेसमोर आहे.

मी इथे कप्तानसाहेबांच्या खालोखालचा अधिकारी. माल भरणं-उतरवणं माझ्याकडे. आमच्या बोटीत माणसं नसतात आणि खोकीही नसतात. आपल्या इमारतीएवढी एकेक अशी पाच कोठारं आहेत, त्यांत कोळसा, धान्य, खनिज असा सुटा माल ओततात. आपण पीठ डब्यात ओततो तसा.

गेल्या खेपेला दगडी कोळसा होता. तो उतरल्यावर कोपऱ्यांत राहिलेला चुरा आम्ही आठ दिवस खराट्याने झाडला. चौदा पोती निघाली. कप्तानसाहेबांचं म्हणणं, फवारा मारा आणि सोडा पाण्यात, समुद्र काही लहान नाही. मी म्हटलं, इथे किनाऱ्याजवळ कोळी जाळी टाकतात, पोती बंदरात उतरवू. तेव्हापासून ते माझ्याशी मोजकं बोलतात. पोती डेकवर उभी आहेत. खलाशी त्यांना वऱ्हाडी म्हणतात, कारण आल्यापासून जायचं नाव घेत नाहीत.

बोटीवर कचऱ्याची एक वही असते. काय टाकलं, किती, कुणाला दिलं, सगळं लिहून खाली सही. आमच्या आचाऱ्याला ती वही इतकी आवडली आहे की त्याने स्वयंपाकघरातले सगळे रिकामे डबे चेपून सपाट करून वहीत चढवले. आज बोटीवर धड असा डबा औषधाला सापडत नाही.

आता लोखंडाच्या खनिजाची माती भरायची आहे. त्याआधी उगीच एक रीत असते. डबा अर्धा मातीने भरायचा, एक वीत वरून टेबलावर आपटायचा, असं पंचवीस वेळा, आणि वर पाणी सुटतंय का ते बघायचं. माती कोरडी असल्याचा दाखला आलेलाच आहे, तेव्हा आपटणं उगीचच. आपण विचारलंत म्हणून उगीच लिहिलं. काळजीचं काही नाही.

आपला नम्र जावई

१९ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

तुमच्या पत्रात "उगीच" तीनदा आलंय. आमची लेक लहानपणी "उगीच गेले होते शेजारी" म्हणाली की शेजारी काहीतरी फुटलेलं असायचं. म्हणून मी स्वतःच करून पाहिलं.

पहिल्या डब्यात साखर, दुसऱ्यात पीठ, चौथ्यात मीठ. तिसरा तुमच्याकडे. ओट्यावर एक वीत वरून आपटायला सुरुवात केली. साखर झाली, पीठ झालं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर काठी टेकत वर आले. मला वाटलं, भांडायला. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, दुसऱ्या वेळी चोवीसच झाल्या." चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्याला खाली चैन पडेना. त्यांच्यादेखत पंचविसावी आपटली तेव्हा उतरले.

मग मीठ. वरून अगदी कोरडं होतं. विसाव्या आपटीला ते चमकायला लागलं. तडक दुकानदाराकडे गेले. त्याने फळीवरची बरणी उघडून दाखवली, मीठ कोरडं खडखडीत. मी म्हटलं, बरणीतलं राहू दे, मला देतोस ते पोतं उघड. पोत्याचाही वरचा थर कोरडाच. मग पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत नुसती ओल. पोतं ओल्या फरशीवर ठेवलेलं. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं, त्याने आत कधी हातच घातला नव्हता. बरणी मात्र रोज पुसत होता.

तेव्हा जावईबापू, तुमचा तो दाखला बरणीतल्या मातीचा आहे की पोत्यातल्या? आणि पाणी सुटलं तर पुढे काय होतं, ते तुम्ही लिहिलंच नाही. माझं मीठ ओलं निघालं तर फार तर भाजीचा अंदाज चुकतो. तुमचं काय होतं?

खरं लिहा. मी त्या काळची मॅट्रिक आहे, मला समजेल.

तुमच्या सासूबाई

ता. क. डबा नजरेसमोर आहे म्हणता, तो नजरेसमोर काय करतो आहे?

२५ फेब्रुवारी, नांगरावर

ती. आईंना नमस्कार.

आपल्यापासून लपवणं मला जमणार नाही, हे लग्नाच्या वेळीच कळायला हवं होतं.

परवा लाँचने किनाऱ्यावर ढिगापाशी गेलो. माती तपासून कोरडेपणाचा कागद देणारा जो गृहस्थ आहे, त्याला इथे सगळे दाखलेवाला म्हणतात. तो उन्हाच्या बाजूने वरवरची ओंजळभर माती घेतो, असं तिथल्या मुकादमानेच हसत सांगितलं. मी फावड्याने हातभर खणलं आणि आपल्या पोत्याची आठवण ठेवून कोपरापर्यंत हात घातला. आत थंडगार. शेजारी वस्ती आहे, तिथे धूळ जाऊ नये म्हणून ढिगावर रोज दोनदा पाणी मारतात. भल्यासाठीच मारतात. वरचं वाळतं आणि आतलं मुरत राहतं.

ती माती केबिनमध्ये आणून आपटली. एकविसाव्या आपटीला पाणी वर आलं.

पुढे काय होतं ते लिहितो. बोट समुद्रात सतत हलते, म्हणजे ते पंचवीस नाही, पंचवीस हजार वेळा आपटणं झालं. ज्या मातीवरून काल चालता येत होतं ती पातळ होते आणि एका अंगाला वाहते. बोट कलते, ती पुन्हा सरळ होत नाही. कधीकधी माणसांना होड्या सोडायलाही वेळ मिळत नाही.

हे कप्तानसाहेबांना सांगितलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि आजवर त्यांची बोट एक दिवस उशिरा निघालेली नाही. त्यांनी दाखला माझ्यापुढे धरला. म्हणाले, "यावर शिक्का आहे. तुझ्या डब्यावर काय आहे?"

डब्यावर फक्त फुली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांत आम्ही धक्क्याला लागू. माल घ्यायला हरकत नाही, अशा कागदावर मला सही करायची आहे. नाही केली तर शेरा वाईट येणार, आणि कप्तान होणं या जन्मात विसरायचं. आपल्या लेकीने तर पडद्यांचे रंगही ठरवलेत. तिला यातलं काही सांगू नका. मी दिवसातून दोनदा पेन उघडतो आणि बंद करतो.

आपला जावई

२ मार्च

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

तुमचं पत्र देवापुढे ठेवलं आणि तिथेच बसून राहिले. नंतर उठून आधी स्वतःचं खरं सांगायचं ठरवलं.

मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही असं लिहिलं होतं. ते खोटं. तुम्ही कप्तान होणार हे मी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगितलंय. दूधवाला मला कप्तानांच्या सासूबाई म्हणतो आणि मी त्याला म्हणू देते. मास्तरांनी तर जगाचा नकाशा आणून दिला. म्हणजे तुमच्या त्या पेनावर माझंही वजन पडलेलं आहे.

ते आज काढून घेतलं. सकाळी जिना उतरले आणि वरून खाली एकेका दाराशी सांगत गेले, की आमचे जावई यंदा कप्तान होत नाहीत. गच्चीजवळच्या बाईंना जरा बरं वाटलेलं दिसलं. वाटू दे. दूधवाल्याने विचारलं, का हो? मी म्हटलं, डोकं ताळ्यावर आहे म्हणून.

तेव्हा सही करू नका. पडद्यांचं मी बघते. तुमच्यासकट एकवीस माणसं आहेत, त्यांच्या घरीही कुणीतरी पडदे बघून ठेवले असतील.

सोबत एक चिठ्ठी आहे, ती कप्तानसाहेबांना द्यावी. पाकीट डकवलेलं नाही, तुम्ही वाचलीत तरी चालेल.

डब्यावर फुली असल्याचं तुम्ही लिहिलंत. त्याविषयी नंतर बोलू.

तुमच्या सासूबाई

(सोबतची चिठ्ठी)

कप्तानसाहेबांस नमस्कार.

मी आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याची सासू. त्यांची शिफारस करायला लिहीत नाही. जावयाची शिफारस करणारी सासू आपण पाहिली नसेल, मीही नाही.

एकच विनंती. माती ढिगाच्या पोटातली आणवावी आणि डबा आपण स्वतः आपटावा. एक वीत वरून, पंचवीस वेळा. मोजायला दाखलेवाल्याला बसवावं. पाणी सुटलं नाही तर आपलं ऐका असं मीच जावईबापूंना लिहीन.

दुसरं, न विचारता सांगते. धूळ उडू नये म्हणून त्या ढिगावर पाणी मारतात, त्याऐवजी ताडपत्री का घालत नाहीत? धूळ उडणार नाही आणि माती भिजणारही नाही. एका झाकणात दोन कामं होतात.

२० मार्च

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

अठरा दिवस झाले, तुमची ओळ नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही लेकीला फोनवर "ठीक आहे" म्हणालात आणि फोन तुटला. ठीक म्हणजे सही केली की नाही केली, हे मला तिला विचारता येत नाही, कारण तिला सांगू नका असं तुमचंच बजावणं. एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींपासून काळजी लपवतो आहोत. तीही दिवसाकाठी चारदा खिडकीशी जाऊन उगीच उभी राहते.

परवा मिठाचा डबा घेतला होता. नवं मीठ, बघावं म्हणून. तेवीस झाल्या आणि दारात पेपर पडला. आतल्या पानावर चार ओळी होत्या, की खनिज भरून निघालेली एक बोट कलली. बोटीचं नाव नाही. मी तो पेपर लेकीच्या नजरेस पडू नये म्हणून डब्यांखाली अंथरून टाकला आणि डबा तसाच जागेवर ठेवला.

मास्तर वर आले. काठीशी चाळा करत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, दोन राहिल्या."

मी म्हटलं, पत्र आलं की आपटेन.

दिवा लावते आणि जपाला बसते, पण मणी ओढताना मोजणी पंचविसाशी येऊन थांबते. देव समजून घेईल. तुम्ही लिहा. नुसतं पाकीट पाठवलंत तरी चालेल.

तुमच्या सासूबाई

२२ मार्च, धक्क्यावर

आदरणीय बाईंस नमस्कार.

मला घरगुती पत्रं लिहिण्याची सवय नाही. हे अहवालासारखं वाटलं तर क्षमा असावी.

प्रथम हे, की आमची बोट सरळ उभी आहे आणि आपले जावई सुखरूप आहेत. त्यांनी आपल्याला पत्र लिहिलं नाही, कारण प्रत्येक पत्र एका विशिष्ट मुद्द्यापाशी येऊन अडतं. आजवर त्यांनी सहा कागद फाडले. ते आचाऱ्याने कचऱ्याच्या वहीत चढवले आहेत. तो मुद्दा मी शेवटी घेतो.

त्यांनी सहीला नकार दिला तेव्हा मी रागावलो, आणि शेऱ्याच्या कागदावर त्याच दिवशी शाईने लिहिलं, "वरिष्ठांचं ऐकत नाही." नंतर त्यांनी आपली चिठ्ठी दिली. ती वाचून मला हसू आलं. सासूबाईंचं समाधान करून टाकावं म्हणून मी ढिगाच्या पोटातली माती आणवली आणि दाखलेवाल्याला मोजायला बसवलं. तो चहा पीत मोजत होता. सतरापर्यंत काही झालं नाही. अठराव्या आपटीला मातीवर चकाकी आली. दाखलेवाल्याने मोजणं थांबवलं, तेव्हा पुढचं मी मोठ्याने मोजलं. पंचविसाव्या वेळी त्या पाण्यात मला माझा चेहरा दिसला. तो काही फार शहाणा दिसत नव्हता.

दाखलेवाला म्हणाला, आपटताना आपला हात जड पडला असेल. मी डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मग हलक्या हाताने तू आपट. त्याचं पाणी सोळाव्यालाच आलं.

आम्ही माल नाकारला. आमची धक्क्यावरची जागा मागच्या बोटीला मिळाली. आपले जावई त्या बोटीवर जाऊन डबा दाखवून आले. तिथल्या कप्तानाने त्यांना दाखला दाखवला. त्याला मी नावं ठेवत नाही, कारण थोड्याच दिवसांपूर्वी मीही तेच केलं होतं. ती बोट भरून गेली आणि दुसऱ्या दिवशी एका अंगावर कलून परत आली. बंदराबाहेरच्या उथळ पाण्यात टेकली. समुद्र शांत होता म्हणून माणसं सगळी वाचली. ती माणसं होड्यांतून उतरताना मी दुर्बिणीतून मोजत होतो. चोवीस. पेपरात कललेल्या बोटीचं काही वाचलं असेल तर ती बोट हीच.

त्यानंतर बंदरात सगळ्यांची झोप उडाली. ढिगांवर पाणी मारणं बंद झालं आणि ताडपत्र्या आल्या. त्या बांधून घ्यायला आपले जावईच गेले होते. माती उघडून वाळवून प्रयोगशाळेत पुन्हा तपासली, आणि दाखला आला तरी डबा आम्ही आपटलाच. काल एकही थेंब आला नाही, आज माल भरतो आहोत. चौदा पोतीही बंदरात उतरवली, पावती वहीत डकवली आहे. मी एकूण सोळा दिवस उशिरा निघतो आहे. एकतीस वर्षांत प्रथमच. सांगायला हरकत नाही, झोप मात्र चांगली लागते.

शेऱ्याच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. तेव्हा "वरिष्ठांचं ऐकत नाही" याच्या खाली मी एक ओळ वाढवली आहे: "म्हणून बोट तरंगते आहे." कंपनी त्यांना कप्तान करेल की नाही ते माझ्या हातात नाही.

आता तो मुद्दा. बोटीवर दुसरा डबा नसल्यामुळे हे सगळं आपल्या डब्यात झालं. त्याचं बूड आता सपाट राहिलेलं नाही, टेबलावर ठेवला तर डुलतो. बाजूला नऊ पोचे आहेत. त्यांतला सर्वात मोठा माझा आहे. आपल्या जावयात खराब माल नाकारण्याचं धैर्य आहे, पण हे आपल्याला कळवण्याचं नाही. डबा बोटीवरच राहू द्यावा अशी माझी विनंती आहे. नवा संच पाठवण्यास मी तयार आहे.

आपला,
कप्तान

२९ मार्च

कप्तानसाहेबांस नमस्कार.

आपलं पत्र काल दुपारी आलं. पहिली ओळ मी उभ्यानेच वाचली आणि लेकीला हाक मारली. पुढचं तिने मोठ्याने वाचलं. तिला सगळं आधीच माहीत होतं. जावईबापू तिला सांगत होते आणि आईला सांगू नकोस असं बजावत होते. पडद्याचं कापड तिने केव्हाच परत केलं होतं. या घरात मीच तेवढी भोळी निघाले.

नवा संच पाठवू नये. सात डबे असताना आणखी सात घेऊन मी काय करू? पोचा आलेला डबा मी आजवर घरात ठेवला नाही हे खरं, पण हे पोचे काही हलगर्जीपणाचे नव्हेत. नऊपैकी मोठा कुणाचा ते आपण होऊन सांगितलंत, त्यात सगळं आलं.

या पत्राबरोबर झाकण पाठवते आहे. त्याचा अर्थ जावईबापूंना विचारावा, त्यांना मी पहिल्याच पत्रात लिहिला होता. वापर झाल्यावर डबा घासून, पालथा घालून वाळवावा. आणि आपल्या आचाऱ्याला नीट सांगून ठेवावं, त्या वहीत हा डबा कधी चढता कामा नये.

जावईबापूंना माझा राग नाही असं सांगावं. म्हणावं, फळीवर दुसऱ्या आणि चौथ्या डब्याच्या मधे जागा रिकामी आहे, तिच्याकडे बघून मला चुकल्यासारखं होतं. तिथे डबा नको. माणूस घरी आला, पाटावर बसून जेवला, की माझ्या लेखी संच पुरा झाला. कप्तान होऊन आले तर दूधवाल्याला सांगेन, न होता आले तर त्यांनाच सांगेन की बरं झालं.

काल पत्र वाचून झाल्यावर डोळे पुसले आणि ओट्यापाशी गेले. मिठाचा डबा दहा दिवस तसाच होता. एक वीत वर उचलला आणि आपटला. मग दुसऱ्यांदा आपटला. मीठ कोरडं होतं.

मग खालून छताला काठीचे दोन ठोके आले. मास्तरांनी मोजून घेतलं होतं.

आपली,
जावईबापूंच्या सासूबाई